तीन महिन्यांहून जुनी स्नायुदुखी: ओळख, तपासण्या आणि व्यायामाची मात्रा

पायवाट:

स्नायूंच्या दुखण्यावर इथे वारंवार विचारणा होते आणि चांगली उत्तरं दहा धाग्यांत विखुरलेली राहतात. ती एका जागी यावीत म्हणून हा धागा काढते आहे. लचक, मुका मार, पहिल्या दिवशीच्या व्यायामाने आंबलेलं अंग, ही दुखणी इथे नकोत. ती दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत जातात. इथे बोलू ते तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा सतत उलटणाऱ्या दुखण्याबद्दल. जुनाट वेदनेची हीच मर्यादा वैद्यकात धरतात, कारण साधी इजा एव्हाना भरून आलेली असते. तरीही दुखतंय, तर कारण वेगळीकडे शोधावं लागतं.

पहिली गोष्ट शब्दांची. डॉक्टरांसमोर बसून नुसतं 'दुखतं' म्हणू नका. मराठीत यासाठी नेमके शब्द आहेत आणि त्यांतून अर्धं निदान होतं.

रग लागते म्हणजे एकाच स्थितीत राहिलं की दुखणं हळूहळू चढतं आणि अंग हलवलं की उतरतं. हे बहुतेक वेळा स्नायूचंच असतं. चमक किंवा सणक विजेसारखी एका रेषेत जाते, सोबत मुंग्या किंवा बधिरपणा असतो. तिथे नसेचा विचार आधी करायचा. पडून राहिलं तरी न थांबणारा, रात्री झोपेतून उठवणारा ठणका हा स्नायूचा स्वभाव नव्हे. तिथे हाड, संसर्ग, दाह बघावे लागतात. गोळा किंवा पेटका काही सेकंद ते काही मिनिटं टिकतो आणि तेवढ्या वेळात स्नायू हाताला दगडासारखा लागतो. सकाळी अंग जखडत असेल तर ते किती मिनिटांत मोकळं होतं हे घड्याळ लावून मोजा. दहा-पंधरा मिनिटं आणि तासभर यांचे अर्थ पूर्ण वेगळे आहेत.

आणखी एक फरक फार महत्त्वाचा: दुखतं म्हणून हात उचलत नाही, की ताकदच नाही म्हणून उचलला जात नाही? खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठता येत नसेल, केस विंचरताना हात गळून खाली येत असेल, तर ही खरी अशक्तता आहे. तिला व्यायामाने 'बघू' म्हणत बसू नये.

आता दिवसभर काहीही जड न उचलता मान-खांदे का दुखतात? स्नायूचे तंतू गटागटाने काम करतात आणि मेंदू नेहमी लहान, कमी ताकदीचे गट आधी कामाला लावतो. जोर जास्त लागला तरच मोठे गट पुढे येतात. कीबोर्डवर हात तरंगता ठेवायला जेमतेम जोर लागतो, त्यामुळे तेच लहान तंतू सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबतात. काम हलकं असल्यामुळे मोठे गट कधी मदतीला येतच नाहीत. १९९१ मध्ये ह्या कल्पनेला 'सिंड्रेला' हे नाव मिळालं: सर्वांत आधी उठणारी आणि सर्वांत शेवटी विसावणारी. म्हणून अशा दुखण्यात भार किती यापेक्षा तो सलग किती वेळ हा प्रश्न मोठा. 'योग्य बैठक' शोधण्यात लोक महिने घालवतात. माझ्या मते दर वीस-तीस मिनिटांनी स्थिती बदलणं कुठल्याही महागड्या खुर्चीपेक्षा जास्त उपयोगी आहे.

दुसरा भाग मज्जासंस्थेचा. महिनोन्‌महिने दुखण्याचे संदेश येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी अधिक संवेदनशील होतात. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी हे प्रयोगातून दाखवलं. मग हलका दाबही दुखतो, आणि दुखणारा भाग मूळ जागेपेक्षा पसरतो. हे दुखणं मनाचे खेळ नव्हेत. वेदना शंभर टक्के खरी असते, फक्त तिच्या तीव्रतेवरून स्नायूची किती हानी झाली हे ठरवता येत नाही. पुढचे सगळे उपाय या एका मुद्द्यावर उभे आहेत, म्हणून तो आधीच लिहून ठेवते.

उंबरठा:

चांगला धागा. उपायांआधी गाळणी लावू या, कारण 'स्नायू आखडलेत' म्हणून महिनोन्‌महिने मालिश चालू राहतं आणि मूळ आजार तसाच राहतो.

ताबडतोब, म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरकडे जायची कारणं: लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा जांघांच्या मधला भाग बधिर होणे, हातापायाची ताकद वेगाने कमी होणे, लघवी चहाच्या रंगाची होणे, चालताना-जिना चढताना छाती, डावा खांदा किंवा जबड्यात दुखणं येऊन थांबल्यावर जाणे, एका पोटरीला सूज, उष्णता आणि दुखणं. याखालोखाल, पण त्या आठवड्यातच: ताप, कारणाविना वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, रात्रीचा न थांबणारा ठणका.

पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि दोन्ही खुबे काही आठवड्यांत एकदम जखडले, सकाळी पाऊण तासाहून जास्त ताठरपणा राहिला, तर पॉलिमायल्जिया र्‍युमॅटिका हा दाहाचा आजार तपासा. ईएसआर किंवा सीआरपी (दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) वाढलेलं असतं आणि स्टेरॉइडच्या लहान डोसाने (प्रेडनिसोलोन रोज १२.५ ते २५ मिग्रॅ) थोड्याच दिवसांत मोठा फरक पडतो. याच्यासोबत नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा दृष्टीत बदल आला तर ती आणीबाणी समजा. डोक्याच्या धमनीच्या दाहाने कायमचं अंधत्व येऊ शकतं.

उलट बाजूला, चाळिशीच्या आत सुरू झालेली, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी पाठदुखी 'स्नायूची' म्हणून सोडू नका. तो कण्याचा दाहक संधिवात असू शकतो.

पहिल्या फेरीत मी एवढ्याच तपासण्या पुरेशा मानतो: रक्ताची पूर्ण तपासणी, ईएसआर, सीआरपी, क्रिएटिन कायनेज (सीके, स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम, यकृत आणि मूत्रपिंडाची कार्यक्षमता, ड जीवनसत्त्व, साखर. थायरॉइड मंदावला की अंग जड होतं, पेटके येतात, सीकेही वाढतं. ड जीवनसत्त्व फारच कमी असेल तर मांड्या-खुब्यांची ताकद कमी होते आणि हाडं दाबल्यावर दुखतात. मात्र किंचित कमी आकडा सगळ्या दुखण्याचं कारण असतोच असं नाही.

सीकेच्या बाबतीत नेहमी होणारी चूक सांगतो. जड व्यायामानंतर किंवा स्नायूत इंजेक्शन घेतल्यावर ते आपोआप वाढतं. किमान तीन-चार दिवस, शक्यतो आठवडाभर जड व्यायाम बंद ठेवून मगच रक्त द्या. नाहीतर विनाकारण घाबरगुंडी उडते आणि तपासण्यांची रांग लागते.

कंदील:

उंबरठा, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी स्नायू दुखतात असं सगळीकडे वाचायला मिळतं. दुखायला लागलं की गोळी थांबवावी का? आणि एमआरआय पहिल्या फेरीत का नाही?

उंबरठा:

परस्पर थांबवू नये. स्टॅटिनचं दुखणं खरं असू शकतं, आणि ते ओळखू येतं: दोन्ही बाजूंना सारखं, मांड्या-नितंब-पोटऱ्या किंवा खांद्यांत, गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत सुरू झालेलं, आणि गोळी बंद केल्यावर काही आठवड्यांत शमणारं. एकाच खांद्याचं जुनं दुखणं गोळीच्या माथी मारता येत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सॅमसन' चाचणीत त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर आलटून-पालटून चार महिने स्टॅटिन, चार महिने निष्क्रिय गोळी आणि चार महिने काहीच न देता तपासलं. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास वाढला, त्याच्या ९० टक्के त्रास निष्क्रिय गोळीच्या महिन्यांतही वाढला होता. गोळी घेतोय ही धास्तीच बराच भाग उचलते. तरी सीके तपासा, आणि सोबतची औषधं बघा. सिम्वास्टॅटिन किंवा अ‍ॅटोर्वास्टॅटिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिलं तर स्टॅटिनची रक्तातली पातळी चढते. चहाच्या रंगाच्या लघवीचं वर लिहिलंच आहे.

एमआरआयबद्दल: पाठ दुखत नसलेल्या माणसांच्या चित्रांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये आला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, तेही दुखणं नसताना. म्हणजे एमआरआयमध्ये काहीतरी सापडतंच, आणि ते तुमच्या दुखण्याचं कारण असेलच असं नाही. नस दबल्याची लक्षणं, अशक्तता किंवा वर लिहिलेली धोक्याची चिन्हं असतील तर एमआरआय हवाच.

शेवरी:

मानेच्या आणि पाठीच्या कडेला बोटाला गाठी लागतात. त्या दाबल्या की डोक्यापर्यंत कळ जाते. या गाठी नेमक्या कशाच्या? फोडल्या की जातात असं मालिशवाले सांगतात.

पायवाट:

त्यांना ट्रिगर पॉइंट म्हणतात, आणि 'फोडायला' तिथे काही नसतं. जेनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांनी १९८३ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नस जिथे स्नायूला मिळते तिथे अ‍ॅसिटिलकोलीन हे आकसण्याचा निरोप देणारं रसायन जास्त झिरपतं, तेवढाच तुकडा आकसलेला राहतो, तिथला रक्तपुरवठा दबतो, ऊर्जा अपुरी पडते, आणि ऊर्जेशिवाय तंतू सुटत नाही. असं चक्र. हे स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे, पण पूर्ण सिद्ध झालेलं नाही.

दूर कळ जाण्याचा भाग मात्र पक्का आहे. जोनास केलग्रेन यांनी १९३८ मध्ये स्वयंसेवकांच्या स्नायूंत ६ टक्के मिठाचं पाणी टोचलं आणि दुखणं कुठे जाणवतं याचे नकाशे काढले. मानेच्या खांद्याकडच्या भागातून कळ कानामागून कानशिलात जाते. खांद्याच्या पात्यावरचा इन्फ्रास्पायनेटस दुखावला तर दुखतं ते खांद्याच्या पुढे आणि दंडात, आणि लोक बिचारे पुढचीच बाजू चोळत राहतात. नितंबातला ग्लुटियस मिनिमस मांडीच्या बाहेरून घोट्यापर्यंत कळ पाठवतो आणि ती सायटिकासारखी भासते. फरक असा की त्यात सहसा बधिरपणा नसतो, पावलाची ताकद जात नाही.

दाबायचंच तर असं. टेनिसचा चेंडू भिंत आणि पाठीच्या मध्ये धरा. जमिनीवर झोपून सुरुवात करू नका, अंगाचं सगळं वजन त्यावर येतं. दुखरी जागा सापडली की दहापैकी चार-पाच इतकंच दुखेल एवढा दाब, ३० ते ६० सेकंद. या वेळात दुखणं निम्म्यावर यायला हवं. वाढत गेलं तर दाब जास्त आहे किंवा जागा चुकली आहे. तीन-चार वेळा करा आणि लगेच तो सांधा पूर्ण पल्ल्यात पाच-सहा वेळा सावकाश फिरवा. ही शेवटची पायरी लोक गाळतात, आणि मग तासाभरात सगळं पूर्ववत होतं. एका स्नायूला पाच मिनिटांहून जास्त नको. दुसऱ्या दिवशी काळानिळा पडलात तर तो चांगल्या उपचाराचा पुरावा नव्हे, दाब जास्त झाल्याचा आहे.

मानेची पुढची बाजू, काख, जांघ, गुडघ्याची मागची खळगी आणि मणक्याची मधली रेष यांवर दाब देऊ नका. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी विचारा.

ड्राय नीडलिंग, म्हणजे औषध न सोडता गाठीत नुसती सुई टोचणं, हेही बरेच जण विचारतात. सुई टोचल्यावर एक-दोन दिवस जागा दुखते, मग काही आठवडे आराम मिळतो असं दिसतं. कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये दाखवलं की परिणाम सुईचा असतो, आत सोडलेल्या औषधाचा फारसा नाही. सर्वांत मोठा धोका असा: खांद्याच्या वरच्या भागात किंवा बरगड्यांवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. टोचल्यानंतर काही तासांत श्वास लागला, खोकला किंवा छातीत दुखणं आलं तर थेट रुग्णालय गाठा.

गोफण:

पायवाट, तुमच्या मताचा आदर ठेवून इथे थोडा विरोध नोंदवतो. दोन अनुभवी तपासनीसांना एकाच माणसाच्या पाठीवर डोळे बांधून गाठी शोधायला लावल्या तर त्यांच्या खुणा अनेकदा जुळत नाहीत. ज्याची जागा दोघांना सारखी सापडत नाही त्यावर सगळा उपचार उभा करणं मला पटत नाही. दाबून मिळणारा आराम तात्पुरता असतो. त्यात वाईट काही नाही. पण तो व्यायाम करता यावा म्हणून वापरायचा. आठवड्याला तीनदा मालिश आणि व्यायाम शून्य, अशी वर्षं जातात. मला याची खरोखर चीड येते, कारण तेवढ्या वेळात माणूस आणखी कमकुवत होतो आणि मग कमी भारालाही दुखू लागतं.

मान-खांद्याच्या दुखण्यात किती व्यायाम पुरतो याचं उत्तर आश्चर्य वाटावं इतकं लहान आहे. २०११ मध्ये डेन्मार्कमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या १९८ जणांवर चाचणी झाली. एका गटाने रबरी पट्ट्याचा एकच व्यायाम दिवसाला २ मिनिटं, दुसऱ्याने १२ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे केला. तिसऱ्याला फक्त माहिती दिली. व्यायामाच्या दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं. बारा मिनिटंवाल्यांना थोडाच जास्त फायदा मिळाला.

कृती: पट्टा दोन्ही पावलांखाली, टोकं हातात. कोपर किंचित वाकलेलं. हात अगदी बाजूला न नेता साधारण ३० अंश पुढे ठेवून खांद्याच्या उंचीपर्यंत उचला, तिथून सावकाश खाली. झटका नको. थकून थांबेपर्यंत किंवा दोन मिनिटं होईपर्यंत. सलग दोन मिनिटं सहज जमू लागली की पुढच्या ताकदीचा पट्टा घ्या.

चुका कुठे होतात ते बघा. हात वर जाताना खांदे कानाकडे चढतात. असं झालं की पट्टा जड आहे, हलका घ्या. अंगठा जमिनीकडे फिरवू नका, सांध्यात चिमटा बसतो. मूठ आवळून धरली तर कोपराबाहेर दुखायला लागतं. श्वास रोखला जातो. उचलताना श्वास सोडा. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे तीन महिने तोच पट्टा. भार वाढला नाही तर मोठे तंतू कधी कामाला लागत नाहीत, मग 'सिंड्रेला'ची सुटका कशी व्हायची?

कंदील:

पण जुनाट दुखण्यात व्यायाम केला की दुखणं वाढतं हीच अडचण असते. किती दुखलेलं चालेल? कुठे थांबायचं?

गोफण:

वेदनेला शून्य ते दहा आकडा द्या. व्यायाम करताना दोनपर्यंत काहीच हरकत नाही, पाचपर्यंत चालेल. दोन अटी: दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं नेहमीच्या पातळीवर परत यायला हवं, आणि दर आठवड्याला सकाळचा ताठरपणा वाढता नको. अट मोडली तर व्यायाम बंद करायचा नाही, मात्रा पाचव्या हिश्शाने उतरवायची.

नव्या व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत येणारं अंग आंबणं वेगळं. ते लॅक्टिक आम्लाने येत नाही. ते आम्ल तासाभरात निघून जातं. स्नायू ताणला जात असताना जोर लावल्याने, म्हणजे उतार उतरणं किंवा वजन सावकाश खाली ठेवणं अशा कामांनी, सूक्ष्म पातळीवर जे ओरखडे पडतात त्यांचं हे दुखणं. दोन-तीन वेळा तोच व्यायाम झाला की अंगवळणी पडतं.

पायवाट:

गोफण, गाठी शोधण्यातल्या गोंधळाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. म्हणूनच मी दाबल्यावर पूर्ण पल्ल्यात हालचाल सक्तीची ठेवते.

मात्रेबद्दल एक भर घालते, कारण बहुतेक जण सुरुवातीलाच घसरतात. बरं वाटलं त्या दिवशी साचलेलं सगळं काम उरकायचं आणि मग तीन दिवस पडून राहायचं, हा क्रम वर्षानुवर्षं चालतो. त्यावर उपाय म्हणजे घड्याळावर चालणं. समजा चालण्याचा व्यायाम करायचाय. तीन दिवस, दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं जमतं ते लिहा. समजा २०, ८ आणि १४ मिनिटं. सरासरी १४. त्याचे ८० टक्के म्हणजे ११. रोज ११ मिनिटं चालायचं. चांगल्या दिवशीही ११ च, आणि वाईट दिवशीही शक्यतो ११ च. चांगल्या दिवशी थांबणं हे यातलं सगळ्यात अवघड काम. दर आठवड्याला दहा टक्के वाढ. आठ आठवड्यांनी तुम्ही साधारण २३ मिनिटांवर असता.

दुखणं उसळलंच तर दोन-तीन दिवस निम्म्या मात्रेवर या, शून्यावर येऊ नका. मग दोन-तीन टप्प्यांत मूळ आकड्यावर परत.

उंबरठा:

इथे एक गंभीर अपवाद. थोड्याशाही श्रमानंतर, बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी, माणूस पूर्ण कोसळत असेल (असह्य थकवा, डोकं न चालणं, अंगदुखी, आणि हे दिवसचे दिवस टिकणं) तर तो एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम असू शकतो. काही विषाणूजन्य आजारांनंतर हे दिसतं. अशा रुग्णांना दर आठवड्याला व्यायाम वाढवत नेण्याने नुकसान होतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात अशा ठरावीक चढत्या व्यायामाची शिफारस काढून टाकली. तिथे उपलब्ध ऊर्जेच्या मर्यादेतच राहायचं असतं. वरचं 'दहा टक्के' त्यांना लावू नका.

शेवरी:

आणि फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर पसरलेलं जुनाट दुखणं? रक्ततपासण्या सगळ्या ठीक निघाल्या की सरसकट तेच नाव दिलं जातं असं वाटतं.

उंबरठा:

सरसकट देऊ नये. त्याचे स्वतःचे निकष आहेत, 'काही सापडलं नाही' हा निकष नव्हे. १९९० मध्ये शरीरावरचे १८ बिंदू ४ किलोच्या दाबाने तपासून त्यांतले ११ दुखायला हवेत असा नियम होता. आता ते बिंदू मोजत नाहीत. २०१६ च्या निकषांप्रमाणे शरीराच्या पाच विभागांपैकी किमान चार विभागांत, तीन महिने सारख्या पातळीवर दुखणं हवं. मग दोन गुण काढायचे. पहिला, १९ जागांपैकी गेल्या आठवड्यात किती दुखल्या. दुसरा लक्षणांचा, ० ते १२: थकवा, झोपेतून ताजंतवानं न वाटणं आणि विचार-स्मरणातला धूसरपणा यांना प्रत्येकी ० ते ३, आणि गेल्या सहा महिन्यांतली डोकेदुखी, ओटीपोटात दुखणं, उदासी यांना प्रत्येकी एक. पहिला किमान ७ आणि दुसरा किमान ५, किंवा पहिला ४ ते ६ आणि दुसरा किमान ९ असेल तर निकष पुरे होतात. दुसरा आजार असला म्हणून हे निदान बाद होत नाही. संधिवात आणि फायब्रोमायल्जिया एकत्र असू शकतात, आणि मग सांध्याची औषधं वाढवत गेलं तरी अंगदुखी हटत नाही. हा घोळ मला सर्वांत जास्त खटकतो.

उपचारांत युरोपीय संधिवात संघटनेने २०१७ मध्ये ठाम शिफारस फक्त एकाच गोष्टीची केली: व्यायाम. बाकी सगळं त्याच्या मागून.

रानजाई:

औषधांचं मी लिहिते. डोस माहितीसाठी आहेत, सुरू करायचं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे दाहशामकं फायब्रोमायल्जियात उपयोगी पडत नाहीत, कारण तिथे तसा दाहच नसतो. स्थानिक दुखण्यात थोडे दिवस ठीक, आणि मलम लावून भागत असेल तर गोळीपेक्षा बरं. रक्तदाबाची 'प्रिल' किंवा 'सार्टन' गटातली गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना त्यात दाहशामक मिसळलं तर मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. पॅरासिटामॉलची प्रौढांसाठी कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम, यकृताचा त्रास किंवा मद्यपान असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या आणि जोडगोळ्यांमध्येही ते असतं, ते मोजायला विसरतात.

अमिट्रिप्टिलीन १० मिग्रॅ, झोपायच्या एक-दोन तास आधी. उदासीसाठी लागणाऱ्या डोसापेक्षा हे फार कमी आहे, तेव्हा 'मला मनाची गोळी दिली' असा गैरसमज नको. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. सकाळी गुंगी राहिली तर गोळीची वेळ अलीकडे आणा. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा हृदयाच्या ठोक्यांची गडबड असेल तर आधी सांगा. ड्युलॉक्सेटिन ३० मिग्रॅने सुरू करून आठवड्याने ६०. पहिले काही दिवस मळमळ होते, पोटात काही असताना घ्या. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकासोबत ते धोक्याचं आहे, सेरोटोनिन हे मज्जासंस्थेतलं रसायन अति वाढतं. प्रीगॅबालिनने चक्कर, पायावर सूज आणि वजनवाढ होऊ शकते. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी लागतो. ही तिन्ही औषधं एका दिवसात बंद करायची नसतात, टप्प्याटप्प्याने उतरवायची.

पुरेसा डोस मिळून चार ते सहा आठवडे झाले आणि वेदनेचा आकडा ३० टक्क्यांनीही उतरला नाही, तर डॉक्टरांशी बोलून ते उतरवत बंद करा. न लागू पडलेली औषधं चालूच ठेवून वर नवी चढवत जाणं, यातून सात-सात गोळ्यांची यादी तयार होते.

'स्नायू सैल करणाऱ्या' गोळ्या जुनाट दुखण्यात महिनोन्‌महिने घ्यायच्या नसतात. थायोकॉल्चिकोसाइडवर युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये मर्यादा घातली: तोंडाने १२ तासांनी ८ मिग्रॅ, जास्तीत जास्त ७ दिवस. त्याचा एक अंश पेशींतल्या गुणसूत्रांना बाधा आणू शकतो. गर्भारपणात आणि गर्भधारणेची शक्यता असताना ते वर्ज्य. टिझानिडिन ही याच प्रकारची गोळी चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक किंवा फ्लुव्हॉक्सामिन ही उदासीवरची गोळी अजिबात नको, रक्तदाब धोकादायक पातळीवर घसरतो.

शेवरी:

रात्री पोटरीत गोळे येतात त्यावर मॅग्नेशियम घ्यावं का?

रानजाई:

वयस्कर लोकांच्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा उपयोग होण्याची शक्यता कमीच, असा २०२० चा कोक्रेन आढावा सांगतो. गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पाऊल स्वतःकडे ओढा आणि तो सुटेपर्यंत धरा. झोपण्याआधी दोन्ही पोटऱ्यांना ३० सेकंदांचे तीन ताण द्या. क्विनीन पेटक्यांसाठी घेऊ नये, रक्तातल्या प्लेटलेट्स आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. लघवी वाढवणाऱ्या औषधांनंतर गोळे सुरू झाले असतील तर पोटॅशियम तपासून घ्या.

पायवाट:

झोपेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १९७० च्या दशकात हार्वी मोल्डोफ्स्की यांनी निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप आवाजाने मोडत नेली, तेव्हा थोड्या रात्रींतच त्यांचं अंग दुखू लागलं आणि स्नायू दाबले की जास्त दुखू लागले. झोप नीट मिळू दिल्यावर ते ओसरलं. म्हणजे वेदनेने झोप मोडते तशी झोप मोडल्यानेही वेदना वाढते. उठण्याची वेळ एकच ठेवा, रात्र कितीही वाईट गेली तरी. अंदाजे वीस मिनिटं झोप लागली नाही तर अंथरुणावर तळमळत न पडता उठून मंद उजेडात बसा, झोप आली की परत या. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दिवसा डुलक्या येणं असेल तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करा. तो तसाच राहिला तर बाकीचे उपाय अर्धेच लागू पडतात.

कंदील:

शेकावं की बर्फ लावावा?

पायवाट:

जुनाट दुखण्यात ज्याने बरं वाटेल ते, बहुतेकांना शेक मानवतो. कापडाच्या घडीवरून १५ ते २० मिनिटं, आणि शेकून झाल्यावर अंग सैल असतानाच व्यायाम उरकावा. विजेची शेकपिशवी लावून झोपू नका. रोज त्याच जागी शेकत राहिलं तर कातडीवर जाळीसारखे तांबूस-करडे डाग उठतात. ते दिसले की त्या जागी शेक थांबवायचा. मधुमेहाने पाय बधिर झालेले असतील तर पायावर शेक नकोच, कारण भाजल्याचं कळत नाही.